अस्वलांच्या नदीकाठी चित्राहुती

भारतातून आईवडील आले की त्यांना काय काय दाखवायचं, हे मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत ठरून गेलेलं आहे. आधी नायगारा, मग वॉशिंग्टन, सुट्टी उरली तर फ्लोरिडा, आणि शेवटी न्यू जर्सीत कुणाच्या तरी भावाकडे चार दिवस राहून विमान. आमच्याकडे माझे सासरे, दादा, आले आणि त्यांनी पहिल्या मुक्कामालाच नकार दिला. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. पाणी उंचावरून खाली पडतं हे बघायला मी सांगलीहून इथवर आलेलो नाही, असं त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, स्वच्छ सांगितलं.

त्यांना हवं होतं ते वेगळंच. एका संध्याकाळी टीव्हीवर अस्वलांचा कार्यक्रम लागला होता. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एक भलंमोठं तपकिरी अस्वल मासे पकडत होतं. श्रीकांतनं तो टेप करून ठेवला, आणि दादांनी व्हीसीआर चालवायला शिकून घेतला तो त्यासाठीच. दुपारी मी लॅबमधून घरी यावं तर दादा खुर्चीच्या कडेला बसलेले आणि समोर तेच अस्वल. हे रान कुठलं, त्यांनी विचारलं. अलास्काचं, मी सांगितलं. "म्हणजे अमेरिकाच ना? मग ते दाखवा," दादा म्हणाले, आणि विषय संपला. त्यांच्या घरात विषय असेच संपत आले आहेत.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही चौघं निघालो: दादा, श्रीकांत, मी आणि आमची चौदा वर्षांची मुक्ता. आमच्या ओळखीच्या वैद्य काकूंनी मला फोनवर ऐकवलंच की लोक सासऱ्यांना काशीला नेतात, तू अस्वलाच्या तोंडी न्यायला निघालीस. मी हसले, पण खरं सांगायचं तर मलाही जायचं होतंच. दिवसभर काचेखाली रक्ताचे थेंब बघण्याचं माझं काम. बघायची खोड लागलेल्या माणसाला एकदा तरी मोठं काहीतरी बघावंसं वाटतं.

जूनो

अलास्काचा जो लांबट पट्टा कॅनडाच्या कडेनं खाली उतरतो, त्यात जूनो हे गाव आहे. इथं रस्त्यानं येता येत नाही, एवढ्यावरून ओळखा. आमची सहल होती तिथून पुढे, एका नदीवर पाच दिवसांची. नदीचं नाव मी लिहीत नाही. आमच्या वाटाड्या बाईंनी तशी विनंती केली होती, आणि ती मला पटली.

या बाईंचं नाव जोन. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, केस मुलासारखे कापलेले, आवाज हळू. धक्क्यावर भेटताच त्यांनी आम्हां सगळ्यांना सामान उघडायला लावलं. आमच्याबरोबर ओहायोहून आलेलं एक निवृत्त जोडपं होतं. त्यांना आम्ही आपसांत ओहायोकर म्हणू लागलो. ओहायोकरांच्या बॅगेतून निघालं काय, तर टूथपेस्ट, साबण आणि चॉकलेट. मग आमची पाळी आली. मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, बेसनाचे लाडू, चिवडा, खोबरेल तेल, उदबत्त्या, दादांची तपकीर, आणि सगळ्यांत शेवटी हिंगाची डबी. जोनबाईंनी डबी उघडून नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि झाकण घट्ट लावून ठेवलं. ज्याला ज्याला वास आहे ते सगळं त्यांनी लष्करात गोळ्या ठेवतात तसल्या पत्र्याच्या पेट्यांत बंद केलं. इथून पुढे पेटीबाहेर अन्नाचा कण राहता कामा नये, जेवण झालं की जमीनसुद्धा बघायची, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. दादांनी सगळ्यांत जोरात हलवली, कारण शिस्त म्हटली की त्यांना बरं वाटतं.

नदीवर

छोट्या विमानानं आम्हांला नदीच्या वरच्या अंगाला पाण्यावरच उतरवलं आणि तिथून दोन रबरी होड्या निघाल्या. एक जोनबाई वल्हवत होत्या, दुसरी त्यांचा नवरा. तो सामानाची होडी सांभाळी आणि दिवसभरात चार वाक्यं बोले. श्रीकांत म्हणाला, नशीबवान बाई आहे.

पावसाचं जंगल म्हटलं की आपल्याला उकाडा, साप आणि माकडं आठवतात. हे त्यातलं नाही. हे थंड पावसाचं जंगल. आंबोलीचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांनी तोच पाऊस बर्फाच्या पाण्यासारखा गार कल्पावा आणि झाडं चौपट उंच करावीत. सूचीपर्णी झाडांच्या प्रत्येक फांदीवर शेवाळ लोंबतं. पडलेल्या खोडावर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांत नवी रोपं. जमीन म्हणून जिथं पाय टाकावा तिथं तो घोट्यापर्यंत आत जातो, आणि खाली जमीन असते असंही नाही. केळ्याएवढी पिवळी गोगलगाय, तीही शंखाविना, मी पहिल्यांदा पाहिली. मुक्तानं ती उचलून आजोबांच्या बाहीवर ठेवली. दादांनी ती चालू दिली आणि कुठवर जाते ते बघत बसले.

पांढऱ्या डोक्याचे गरुड इतके होते की दुपारपर्यंत आम्ही ते एकमेकांना दाखवणं सोडून दिलं. एका वळणावर मूस, म्हणजे सांबराच्या दीडपट उंचीचं हरीण, पाण्यात उभं होतं, तोंडातून हिरवं गवत लोंबत. नदीत मासे वर चालले होते. समुद्रातून आलेले सामन मासे जन्मले त्या ओढ्यात अंडी घालायला परततात आणि तिथंच मरतात. लाल पडलेले, कल्ले फाटलेले, तरी प्रवाहाकडे तोंड करून उभे. काठावर मेलेल्या माशांचा वास होता. आम्हां शाकाहाऱ्यांना तो पहिला तासभर सहन झाला नाही, नंतर कळेनासा झाला. जोनबाई म्हणाल्या, हे जंगल याच माशांवर उभं आहे. अस्वलं ते आत नेऊन अर्धे खातात आणि उरलेलं झाडांच्या मुळांना मिळतं. दादांना हे फार आवडलं. कुणीही सगळं खात नाही, काही ना काही ठेवतो, असं ते मला म्हणाले.

तळ

एक ओढा नदीला मिळतो त्याच्या अलीकडे, गोटे आणि वाळूच्या पट्टीवर आमचा तीन रात्रींचा तळ पडला. तंबू एकीकडे, स्वयंपाक आणि जेवण त्यापासून शंभरेक पावलं लांब, पेट्या आणखी तिसरीकडे. आपल्याकडे स्वयंपाकघर घराच्या पोटात असतं. इथं ते सोवळ्यातल्या माणसासारखं सगळ्यांपासून दूर.

अस्वलं बघायची जागा ओढ्याच्या वरच्या अंगाला होती. तिथं चालत जावं लागे, आणि चालताना गप्प बसायचं नाही असा नियम. मला याचं नवल वाटलं. आपल्याकडे जंगलात शिरलं की पहिल्यांदा तोंडावर बोट. इथं उलटं. वळणापलीकडे अस्वल असेल तर त्याला आधी कळलं पाहिजे की माणसं येताहेत, दचकलेलं अस्वल वाईट. जोनबाई खांद्याला बंदूक अडकवून, टाळ्या वाजवत पुढे चालल्या. ओहायोकर बेसबॉलचे स्कोअर मोठ्यानं सांगू लागले. आमच्याजवळचं बोलणं दहा मिनिटांत संपलं, कारण लग्नाला सोळा वर्षं झालेली. मग दादांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि आरती सुरू केली. गणपतीचे दिवस जवळ आलेच होते. मुक्ताला मराठी मंडळात पाठ करून घेतलेल्या आरत्या येतात, अर्थ येत नाही, तरी तिचा आवाज सगळ्यांत वर. चार आरत्या होईतो आम्ही पोचलो. जोनबाईंनी सांगितलं की इतक्या वर्षांत एवढा खात्रीचा आवाज कुठल्या पाहुण्यांनी केला नव्हता.

आणि तिथं ती होती. ओढ्याच्या मध्यावर, पाठ आमच्याकडे. डाव्या कानाचा तुकडा गेलेला. काठावर तिचं वर्षाचं पिल्लू बसलेलं, ओल्या घोंगडीसारखं. तिनं पाण्यात तोंड घातलं, मासा वर काढला, पंजाखाली दाबला, आणि पिल्लू धावत आलं. नंतर ती आमच्या समोरून काठाकाठानं गेली. इतक्या जवळून गेली की तिच्या केसांतून पाणी गळताना ऐकू आलं. आमच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ओहायोकरांचा कॅमेरा रीळ संपेपर्यंत चालला. दादांनी डोक्यावरची कानटोपी काढून हातात घेतली होती आणि पावसात तसेच उभे होते.

परतताना जोनबाईंनी सांगितलं, या तुटक्या कानाच्या अस्वलिणीला त्या ती एकटी फिरायची तेव्हापासून ओळखतात. माणसांदेखत ती इतकी निवांत असते, कारण माणसाकडून तिला कधी त्रास झाला नाही आणि कधी खायलाही मिळालं नाही. आपण तिच्या लेखी झाडंझुडपं. दादा म्हणाले, सांगलीला मला असं वागवणारा एकच होता, आमचा चीफ इंजिनिअर. पण त्या दिवशी ते खूष होते. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

पान

तिसऱ्या दिवशी सकाळी जोनबाई जेवणाच्या जागेशेजारी गुडघ्यांवर बसलेल्या दिसल्या. ओल्या वाळूत माझ्या ताटाएवढा एक पंजा उमटला होता, नखांसकट, आणि त्याच्या शेजारी बशीएवढे बरेच. ठसे सरळ एका झुडपाशी गेले होते. तिथं एक रुंद पान पडलेलं होतं, चाटूनपुसून लख्ख.

जोनबाईंनी पान उचललं, वास घेतला आणि विचारलं, इथं कोणी काही ठेवलं होतं का?

"मी," दादा लगेच म्हणाले. एवढं इंग्रजी त्यांना कळत होतं.

आता चित्राहुतीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण पुढच्या पिढीला ते ठाऊक असेलच असं नाही. आमचे दादा जेवायला बसले की आधी ताटाभोवती पाणी फिरवतात आणि उजव्या हाताला जमिनीवर भाताची पाच शितं, म्हणजे खरं तर पाच चिमट्या, ठेवतात. चार यमाच्या दरबाराच्या नावानं आणि शेवटची सर्व भूतांना, म्हणजे प्राणिमात्राला. त्याशिवाय त्यांच्या तोंडात घास जात नाही. सांगलीला जेवण झाल्यावर ते परसातल्या कट्ट्यावर नेऊन ठेवतात आणि चिमण्या येतात. नोव्हायला ते डायनिंग टेबलवर मांडतात आणि मुक्ता ते पुसते. इथंही ते चालूच होतं. नदीकाठी घाण नको म्हणून ते दर जेवणानंतर त्या चिमट्या एका पानावर गोळा करत आणि झुडपाखाली नेऊन ठेवत. पेटीबाहेर कण राहू द्यायचा नाही हे त्यांनी ऐकलं होतं, पण ही चित्राहुती होती, हे उरलेलं अन्न नव्हतं. आणि आम्हां दोघांच्या डोळ्यांना ती इतकी सवयीची, की जोनबाईंनी पेट्या बंद केल्या तेव्हा तिची आठवणच झाली नाही. काल अस्वलाचं दर्शन झालं म्हणून दादांनी तूप घालून जरा जास्तच भात ठेवला होता. तेही त्यांनी आपण होऊन सांगितलं.

मुक्तानं सगळं इंग्रजीत सांगितलं. सर्व भूतांना याचं तिनं काय केलं ते मी ऐकत होते; एव्हरीवन हू इज अलाइव्ह, असं म्हणाली. जोनबाई ते पान हातात फिरवत ऐकत होत्या.

"पण ते शेवटी खातं कोण?" त्यांनी विचारलं.

"जो येईल तो," दादा म्हणाले. "कोण आलं ते मी बघायचं नसतं."

"तुम्ही बघत नाही, पण ती बघते," जोनबाई म्हणाल्या. "तिला काल कळलं की माणसं जिथं बसतात तिथं खायला मिळतं. आता ती दुसऱ्या कुणाच्या तळावर जाईल, तिथून पुढे कुणाच्या तंबूत शिरेल. मग सरकारचा माणूस बंदूक घेऊन येईल आणि तिला मारेल. त्याला दोष देता येणार नाही. आणि पिल्लू तिचंच बघून शिकतं."

मुक्तानं याचं भाषांतर अर्ध्यावर सोडलं. गरजही नव्हती. सासूबाई गेल्या तेव्हा दादांचा चेहरा मी पाहिला होता, तसा झाला. श्रीकांत घाईघाईनं म्हणाला की दादा, तुम्हाला माहीत नव्हतं, लेट इट गो. दादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आता काय करायचं, एवढंच त्यांनी मला जोनबाईंना विचारायला लावलं.

तळ हलवणं सगळ्यांत बरं झालं असतं, पण रात्रभरच्या पावसानं नदी चढली होती आणि होड्या सोडता येत नव्हत्या. दुसरा उपाय जोनबाईंनी सांगितला. ती पुन्हा इथं येईल, बहुधा आजच. आली की तिला इथली इतकी धास्ती बसली पाहिजे की पुन्हा पाऊल टाकणार नाही. एकदाच मिळालेलं खाणं ती कदाचित विसरेल. दुसऱ्यांदा मिळालं तर नाही. सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, भांडी बडवायची, ओरडायचं, आणि मनापासून ओरडायचं. दरडावणं खोटं असलं तर तिला कळतं.

त्यांनी फावड्यानं झुडपाखालची वाळू हातभर खोल उकरली. दादा शेजारी बसले आणि हातांनी उरलेली वाळू गोळा करू लागले. गोटा न् गोटा त्यांनी नदीत धुतला. हे काम त्यांनी कुणालाही करू दिलं नाही.

दुपारी ते ताटासमोर बसले आणि तसेच बसून राहिले. चित्राहुतीशिवाय जेवणार नाहीत आणि इथं ठेवणार नाहीत, हे मला दिसत होतं. श्रीकांत चिडून उठला. शेवटी मुक्तानं एका रिकाम्या पेटीचं झाकण आणून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं. "आजोबा, यावर ठेवा. मी ते बॉक्समध्ये बंद करीन. वुई'ल टेक इट होम टू मिशिगन."

"मग त्यांना पोचणार कसं?" दादांनी विचारलं.

"नाही पोचणार," ती म्हणाली. "दॅट्स द पॉइंट, आजोबा."

दादांनी पत्र्यावर पाच चिमट्या ठेवल्या. जेवले मात्र दोनच घास.

भांडी

तिसऱ्या प्रहरी पाऊस थांबला. ओढ्यात मासे उड्या मारत होते, पण ती तिकडे गेली नाही. नदीकाठानं सरळ आमच्याकडे आली, नाक जमिनीला लावून, आणि पिल्लू तिच्याही पुढे. त्याला वाट ठाऊक होती. झुडपापाशी येऊन ते खड्ड्यात उतरलं आणि हुंगू लागलं.

आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. पुढे उभं राहायचं असं दादांनीच सांगितलं होतं, आणि जोनबाईंनी त्यांना आपल्या शेजारी घेतलं होतं. त्यांच्या हातात भाताचं पातेलं आणि लोखंडी पळी. जोनबाईंनी हात वर केला आणि आम्ही सुरू झालो. मी आयुष्यात इतकी ओरडलेली नाही. ओहायोकरीणबाई तर अशा किंचाळल्या की त्यांचे यजमान त्यांच्याकडेच बघत राहिले.

अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली. कालपर्यंत जिनं आमच्याकडे पाहिलं नव्हतं ती आता आमच्याकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे, काही कळत नाही अशा नजरेनं. ती पळाली नाही. मी बाजूला पाहिलं तर दादांची पळी हातातच होती. ज्या आवाजानं आमच्या घरातले डबे वाजतात तो आवाज ऐनवेळी गेला होता.

"अगं, ती जेवायला आलीये," ते मला म्हणाले.

पिल्लानं खड्ड्यातून तोंड वर काढलं आणि एक पाऊल आमच्याकडे टाकलं. आई पुन्हा चार पायांवर आली आणि त्याच्यामागे निघाली. जोनबाईंनी ओरडणं थांबवलं नाही, पण खांद्यावरची बंदूक त्यांनी हातात घेतली.

दादांनी ते पाहिलं. मग पळी पातेल्यावर जी आदळली, ती अशी की माझ्या कानात दडे बसले. "नीघ!" ते ओरडले. "नीघ इथून! काही नाही मिळायचं इथं तुला! पोराला घेऊन चालती हो!" पातेलं बडवत ते पुढे चालू लागले. जोनबाईंनी एका हातानं त्यांचा रेनकोट मागून धरून ठेवला. दारात आलेल्या माणसाला दादांनी कधी नाही म्हटलेलं नाही. हातात पातेलं, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडातून असले शब्द, जे मी त्यांच्याकडून कुठल्याही माणसासाठी ऐकले नव्हते.

तिनं फुस्स करून श्वास सोडला, वळली आणि पळाली. पिल्लू ठेचकाळत मागे. दोघं चढलेल्या नदीत पडली. पिल्लू मधल्या धारेत वाहून खाली गेलं तेव्हा आमचे हात थांबले. पण आईच्या मागून तेही पलीकडे लागलं, अंग झाडलं, आणि दोघं झाडीत दिसेनाशी झाली. दादा एकटे बडवत होते. श्रीकांतनं जाऊन त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं. तळाला खोल पोचा आला होता. जोनबाईंना मी भरपाईचं विचारलं तर त्या म्हणाल्या, हे पातेलं मी आता ठेवून देईन.

काम झालं का, हे त्यांना त्या दिवशी सांगता येईना. ती परत आली नाही तर झालं.

खाली समुद्राकडे

अस्वल दिसावं म्हणून लोक हजारो मैल येतात. आम्ही पुढचा दीड दिवस ते तळावर दिसू नये म्हणून बसलो होतो. चौथ्या दिवशी ओढ्यावर गेलो तर दुसरी तीन अस्वलं होती, त्यात एक काळं. ओहायोकर आनंदात. दादा दर वेळी एकच विचारत, कान बघ गं, कान. तिचा पत्ता नव्हता. तळावर ती आली नाही, पण न येणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तळावर जाणंही असू शकतं, हे आम्हां सगळ्यांना कळत होतं. नदीच्या मुखाशी कोळ्यांच्या झोपड्या आहेत, आणि तिथं बंदुका असतात.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं आणि होड्या निघाल्या. नदी रुंद झाली, पाण्यात सील डोकी वर काढून आमच्याकडे बघू लागले, हवेला खारट वास आला. मुक्ता आजोबांना सीलचं वय कसं ओळखतात ते सांगत होती, आणि ते हूं हूं करत होते. एका मोठ्या वळणावर जोनबाईंनी वल्हं थांबवलं आणि हनुवटीनं दाखवलं.

वाळूच्या पट्टीवर ती बसली होती. तुटका कान. पुढ्यात मासा, पिल्लू त्याला तोंड लावून ओढत होतं. वारा तिच्याकडून आमच्याकडे येत होता, होडी आवाज न करता वाहत चालली होती. त्या दिवशी ओढ्यावर ती यापेक्षा जवळून गेली होती. आता तिनं मान वर केली, आम्हांला पाहिलं आणि घशातून आवाज काढला. पिल्लानं मासा टाकला. ती उठली, त्याला नाकानं ढकलत पुढे घातलं, आणि दोघं झाडीत शिरली. वाळूवर अर्धा मासा तेवढा राहिला. ओहायोकरांच्या शेवटच्या फोटोत पाठीचा मागचा भाग आहे, एवढंच.

जोनबाईंनी मोठा श्वास सोडला आणि दादांच्या गुडघ्यावर थाप मारली. आता ही जगेल, त्या म्हणाल्या. मी ते दादांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण नजर काठावरच होती. पुन्हा एकदा नीट दिसली का, मी विचारलं.

"तिनं मला बघितलं," ते म्हणाले. "घाबरली."

वळण संपत आलं होतं. ती वाळूची पट्टी झाडांमागे गेली तरी दादा मान वळवून तिकडेच बघत होते.

"अशीच घाबरत राहा, बाई," ते म्हणाले. "आणि पोरालाही शिकव."